नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन उंची रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मुंबईतील एखाद्या चांगल्या, उंची रेस्टॉरंटमध्ये रात्री जेवायला जायचे आहे, बाळ नऊ महिन्यांचे आहे, त्याला घरी ठेवायला मन तयार नाही, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की अशा ठिकाणी बाळाला नेले तर तुमचा आणि इतरांचाही विरस होईल. तेव्हा न्यावे की नेऊ नये, आणि न्यायचेच तर तयारी काय करावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे मुंबईतील पंचतारांकित हॉटेलांमध्ये आणि स्वतंत्र रेस्टॉरंटांमध्ये आधी कॅप्टन (टेबलांवर ऑर्डर घेणारा आणि वाढणाऱ्यांवर देखरेख ठेवणारा) म्हणून आणि नंतर व्यवस्थापक म्हणून काम केले आहे, त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. माझे उत्तर असे की बाळाला अवश्य न्यावे, मात्र जेवण कधी सुरू होणार आणि किती वेळ चालणार हे बाळाच्या दिनक्रमावरून ठरवावे, आणि रेस्टॉरंट त्यानंतर निवडावे. सासूबाईंची शंका रात्री नऊच्या टेबलापुरती अगदी रास्त आहे. सातच्या टेबलाला ती लागू होत नाही.

नऊ महिन्यांचे बाळ दोन झोपांच्या मध्ये साधारण तीन तास जागे आणि आनंदात असते. त्यातला काही वेळ उठणे, दूध पिणे, कपडे बदलणे यात जातो, काही प्रवासात जातो, आणि मुंबईतला प्रवास कधी किती वेळ खाईल याचा भरवसा नसतो. प्रत्यक्ष टेबलावर तुमच्या हाती एक ते सव्वा तास उरतो. उलट, उंची रेस्टॉरंटमध्ये दोन माणसांचे निवांत जेवण दीड ते दोन तास चालते, आणि ते तसे चालावे अशीच तिथली व्यवस्था असते. बाळाचा सव्वा तास आणि रेस्टॉरंटचे दोन तास यांतली तफावत जाण्यापूर्वीच भरून काढावी लागते. टेबलावर बसल्यानंतर ती भरून निघत नाही.

मुंबईत रात्रीच्या जेवणाची सेवा बहुतेक ठिकाणी सात किंवा साडेसातला सुरू होते, पण गर्दी साडेआठनंतर होते आणि साडेदहापर्यंत टिकते. पहिल्या तासात दालन जवळजवळ रिकामे असते, किचनमध्ये केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, तुरळक येत असतात, तंदूर आणि गॅस तापलेले असतात, आणि स्ट्युअर्ड मंडळींना, म्हणजे वाढणाऱ्यांना, तुमच्याकडे लक्ष द्यायला सवड असते. त्या वेळी बारा-पंधरा मिनिटांत येणारा पदार्थ नऊ वाजता पंचवीस मिनिटे घेतो. बाळ थोडे कुरकुरले तरी शेजारच्या दोन टेबलांवर कोणी बसलेले नसते. तुमचे बाळ संध्याकाळी पाच-साडेपाचला झोपून उठत असेल, तर सातचे टेबल त्याच्यासाठी नेमके ठरते. ते साडेसातला झोपणारे असेल, तर रात्रीचा हट्ट सोडावा आणि शनिवारी दुपारी साडेबाराला जावे. कामाच्या दिवशीचे दुपारचे जेवण मात्र वांद्रे-कुर्ला संकुल किंवा नरिमन पॉइंटच्या बाजूला टाळावे, कारण एक ते अडीच या वेळात तिथे कचेऱ्यांची गर्दी असते आणि सगळ्यांनाच घाई असते.

वाढदिवस रात्रीच साजरा व्हायला हवा असे नसेल, तर मी आणखी दोन पर्याय सुचवेन. मोठ्या हॉटेलांतील रविवारचा ब्रंच गजबजलेला असतो, तिथे मुलेबाळे असतातच, आणि त्या गोंगाटात तुमच्या बाळाचा आवाज कोणाच्या कानावरही पडत नाही. अडचण एवढीच की बुफे असल्यामुळे तुम्हाला आळीपाळीने उठावे लागते आणि दोघांचे एकत्र जेवण असे होत नाही. दुसरा पर्याय दुपारच्या चहाचा. कुलाब्यातील ताजमहाल पॅलेस हॉटेल १९०३ साली सुरू झाले. तिथल्या पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये समुद्राकडे तोंड करून घेतलेला चहा एका तासात आटोपतो, खाण्याचे पदार्थ बहुतांशी तयार असतात, आणि थाटमाट म्हणाल तर रात्रीच्या कोणत्याही जेवणापेक्षा कमी नाही.

टेस्टिंग मेनू असलेल्या रेस्टॉरंटमध्ये मात्र या वयाच्या बाळाला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महालक्ष्मीतील ‘मास्क’सारख्या ठिकाणी एकामागून एक छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने येतात आणि जेवण सहज अडीच-तीन तास चालते. दोघांपैकी एक जण बाळाला घेऊन बाहेर गेला की पुढचा पदार्थ किचनमध्ये थांबवावा लागतो, कारण तो दोघांसमोर एकाच क्षणी ठेवायचा असतो, आणि एका टेबलाचा क्रम मोडला की पासवरील, म्हणजे तयार ताटे किचनमधून बाहेर दिली जातात त्या ओट्यावरील, पुढचे सगळेच विस्कळीत होते. या विषयावर जगभर वाद झाला तो जानेवारी २०१४ मध्ये, शिकागोच्या ‘अलिनिया’ या रेस्टॉरंटमुळे. एक जोडपे आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आले, बाळ रडू लागले, इतर पाहुणे नाराज झाले, आणि तिथले शेफ ग्रँट अ‍ॅकॅट्झ यांनी लहान मुलांना बंदी करावी का, असा प्रश्न ट्विटरवर जाहीरपणे विचारला. लोकांनी आईवडिलांना धारेवर धरले. पण बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीने ऐन वेळी नकार दिला होता, आणि ‘अलिनिया’ची तिकिटे आगाऊ पैसे भरून घ्यावी लागत व ती परत होत नसत. मला त्या प्रसंगात बाळापेक्षा त्या तिकिटाचा दोष अधिक वाटतो. आपल्याकडेही आता काही ठिकाणी आगाऊ रक्कम घेतात. बाळ घरात असताना असे आरक्षण करायचे असेल, तर तारीख बदलता येते का आणि किती दिवस आधी कळवावे लागते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आरक्षण अ‍ॅपवरून न करता फोनवरून करावे, आणि तो फोन दुपारी चार ते सहाच्या दरम्यान करावा, कारण त्या वेळी दालन बंद असते आणि फोन घेणारी व्यक्ती तुमचे बोलणे नीट ऐकू शकते. ‘दोन मोठे आणि नऊ महिन्यांचे बाळ’ असे स्पष्ट सांगावे. लहान मुलांना प्रवेश आहे का, आणि असल्यास किती वाजेपर्यंत, हे पहिल्याच वाक्यात विचारावे. बार असलेल्या काही रेस्टॉरंटांमध्ये रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांना घेत नाहीत, आणि ते दारात कळणे फार अपमानास्पद वाटते. बेबी चेअर आहे का आणि तिला पट्टा आहे का, बाळाचे घरचे खाणे आणलेले चालेल का, बाबागाडी दुमडून कुठे ठेवता येईल, डायपर बदलायला जागा आहे का, एवढे विचारले की पुरे. बाहेरचे खाद्यपदार्थ चालणार नाहीत अशी पाटी जवळजवळ सगळीकडे असते, पण बाळाच्या खाण्याला कोणी शहाणा व्यवस्थापक हरकत घेत नाही. उत्तरे देणाऱ्याचा सूर ऐकावा. आढेवेढे घेऊन ‘हो’ म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नये.

टेबल मागताना खिडकी किंवा समुद्र मागण्याऐवजी कोपरा मागावा. भिंतीला लागून सोफा असलेले टेबल सर्वांत उत्तम, कारण बाळाला मध्ये बसवता येते, पाजायचे असल्यास भिंतीकडे वळून बसता येते, आणि सामानाची पिशवी पायांत येत नाही. किचनच्या दारासमोरचे टेबल, स्पीकरखालचे टेबल आणि एसीचा झोत थेट येणारे टेबल, ही तिन्ही नाकारावीत. तीस किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटला कायद्याने वेगळा धूम्रपान कक्ष ठेवता येतो; त्याच्या दारापासूनही दूर बसावे. बाबागाडी दोन टेबलांमधल्या वाटेत उभी करू नये; त्या वाटेने गरम ताटे आणि ट्रॉल्या जातात, आणि हातात चार प्लेटा घेतलेल्या स्ट्युअर्डला पायाखालचे दिसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ऑर्डर देण्याची पद्धत. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन तुमचे स्टार्टर संपेपर्यंत मुख्य पदार्थ किचनमध्ये थांबवून ठेवतो आणि ताटे उचलल्यावर ते करायला सांगतो. एरवी हा शिष्टाचार आहे. बाळ सोबत असेल तेव्हा हीच मधली वीस मिनिटे घात करतात. म्हणून बसताक्षणी सांगावे की आमच्याकडे साधारण तास-सव्वा तास आहे, स्टार्टर आल्यावर लगेच मुख्य पदार्थ करायला घ्या, आणि गोडाचे काय आहे तेही आताच सांगा. यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही, उलट कॅप्टनला आराखडा मिळाला की त्याचे काम सोपे होते. मेनू आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहून ठेवावा. सीलबंद हंडीतली दम बिर्याणी, अख्खा मासा, ऑर्डरनंतर भाजायला घेतले जाणारे सुफले यांना वेळ लागतो आणि तो कमी करता येत नाही. एकाने काट्याने, एका हाताने खाता येईल असे काही मागवावे, कारण दुसरा हात बाळाला लागतो. खेकडा सोलत बसण्याचा हा दिवस नव्हे. दोघांनी एकमेकांच्या ताटातले चालण्यासारखे पदार्थ निवडले, तर एकाला उठावे लागले तरी दुसऱ्याचे जेवण थंड होत नाही.

टेबलावरचे धोके आईवडिलांना घरी जेवढे दिसतात तेवढे इथे दिसत नाहीत, कारण मांडणी सुंदर असते. नऊ महिन्यांच्या बाळाच्या हाताला टेबलक्लॉथचे टोक लागले की ते ओढले जाते, आणि त्याबरोबर सूप, वाइनचे ग्लास आणि पेटती मेणबत्ती असे सगळेच खाली येते. बसण्यापूर्वी स्ट्युअर्डला बाळाच्या बाजूचे कापड आत दुमडायला सांगावे आणि ग्लास, सुऱ्या, मेणबत्ती, टूथपिक उचलून न्यायला सांगावे. फुलदाणीतले रंगीत खडे आणि काचेचे मणीसुद्धा उचलायला लावावेत; ते घशात अडकण्याच्या बरोबर मापाचे असतात. सूप, चहा आणि जेवणानंतर येणारे गरम पाण्याचे फिंगर बोल बाळापासून लांबच्या बाजूला ठेवायला सांगावे आणि बाळाच्या डोक्यावरून काहीही देऊ-घेऊ नये. साठ अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत खोलवर भाजते. बाळाची त्वचा पातळ असल्यामुळे त्याला त्याहून कमी वेळ पुरतो. दुर्दैवाने तसे घडलेच, तर किचनमधून कोणीतरी धावत बर्फ घेऊन येईल, दुसरा कोणी हळद नाहीतर टूथपेस्ट सुचवेल. यांपैकी काहीही न लावता भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, बाळाचे बाकीचे अंग दुपट्यात गुंडाळून उबदार ठेवावे आणि तिथून थेट डॉक्टरांकडे जावे. सिझलर मागवूच नये. त्या लोखंडी तव्याचा चटका हा एक धोका, आणि त्याचा धूर बाळाला खोकवून रडवतो, हा दुसरा.

बेबी चेअरचा पट्टा दोन पायांमधूनही जातो ना, हे पाहावे. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बारीक बाळ खालून घसरते. खुर्ची टेबलाला इतकी जवळ नसावी की बाळाचे पाय टेबलाच्या पायाला किंवा कडेला टेकतील, कारण या वयाची बाळे पायांनी रेटा देतात आणि खुर्ची मागे कलंडते. टेबलाच्या कडेला अडकवायची घडीची खुर्ची तुमच्याकडे असेल, तर ती घरीच ठेवावी. उंची रेस्टॉरंटांतील टेबले पुष्कळदा मधोमध एकाच खांबावर उभी असतात, आणि टेबलक्लॉथवर त्या खुर्चीची पकडही नीट बसत नाही. ट्रे आणि पट्टा स्वतःजवळच्या ओल्या कापडाने पुसून घ्यावा.

बाळाचे मुख्य जेवण घरी किंवा निघण्यापूर्वी झालेले असावे. रेस्टॉरंटमध्ये त्याने हातांनी चिवडण्याएवढेच खावे. त्यासाठी उकडलेले बटाटा आणि गाजर, केळे, मऊ इडली असे काही घरून न्यावे. किचनला सांगायचे असेल तर ‘बाळासाठी काहीतरी साधे द्या’ एवढे पुरत नाही, कारण शेफच्या मते साधे म्हणजे कमी तिखट, आणि त्यात मीठ असतेच. बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात वरून मीठ-साखर न घालण्याचा सल्ला देतात, आणि रेस्टॉरंटची डाळ सकाळीच मीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवलेली असते. त्यामुळे बिनमिठाची मुगाची खिचडी हवी असेल तर ती फोनवरच सांगून ठेवावी. मध एक वर्षाच्या आत कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझम या आजाराचे सूक्ष्म बीजाणू असू शकतात आणि नेहमीच्या शिजवण्याने ते मरत नाहीत; हनी चिली पोटॅटोचा तुकडा चाटवला तरी काय होते, असे म्हणू नये. पांढऱ्या ग्रेव्हीत बहुधा काजूची पेस्ट असते, मूस आणि तिरामिसूमध्ये कच्चे अंडे असू शकते, काही गोड पदार्थांत मद्य असते. आणि शेवटी बडीशेप-खडीसाखरेची वाटी येते तेव्हा कोणीतरी प्रेमाने बाळाच्या मुठीत चार दाणे ठेवतो. ते तुमच्या आधी बाळाच्या तोंडात जातात, म्हणून ती वाटी आणूच नका, असे सांगावे.

दूध गरम करायचे असल्यास स्ट्युअर्डकडून वाडग्यात गरम पाणी मागून त्यात बाटली ठेवावी, आणि ती किचनमध्ये पाठवू नये, कारण तिथे ती मायक्रोवेव्हमध्ये जाण्याची शक्यता असते आणि मायक्रोवेव्हमध्ये दूध एका जागी कढत व दुसऱ्या जागी कोमट राहते. डायपर बदलण्याची सोय मोठ्या हॉटेलांत असते, स्वतंत्र रेस्टॉरंटांत पुष्कळदा नसते. नसेल तर व्यवस्थापकाला विचारावे, रिकामी खोली किंवा कचेरी बहुधा मिळते. सोफ्यावर मात्र ते काम कदापि करू नये. वापरलेला डायपर कापडी नॅपकिनमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवून गेलेले पाहुणे मी पाहिले आहेत, आणि त्यांचे कपडे फार किमती होते.

बाळ रडले तर कोणी उठायचे हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. रडणे सुरू झाल्यावर टेबलावर बसून शू-शू करत राहणे, खुळखुळा वाजवणे, एकमेकांकडे पाहणे यात जी दोन मिनिटे जातात, तीच इतरांना खटकतात. अर्ध्या मिनिटात एक जण उठून लॉबीत गेला, तर फारसे कोणाच्या लक्षातही येत नाही. जाताना ‘ताट झाकून ठेवा’ एवढे सांगावे. फोनवर बडबडगीते लावायची झाली तर आवाज पूर्ण बंद करावा. माझ्या अनुभवात रडण्यापेक्षा या गाण्यांच्या तक्रारी जास्त आल्या, कारण रडणाऱ्या बाळाची लोकांना कणव येते, फोनची येत नाही. आपल्याकडचे कर्मचारी बाळ दिसले की ‘द्या ताई, जरा मी घेते’ म्हणून हात पुढे करतात. सातच्या रिकाम्या दालनात होस्टेसने बाळाला दहा मिनिटे फिरवले तर ते तिलाही आवडते आणि तुमचेही दोन घास सुखाने होतात, मात्र साडेआठनंतर ही अपेक्षा ठेवू नये, आणि हातात ट्रे घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे बाळ कधीच देऊ नये.

सासूबाईंच्या बाबतीत एक सुचवतो. त्या बाळाला घरी सांभाळायला तयार असतील, तर पहिला तास सगळे मिळून जा, त्यांनाही टेबलावर बसवा, आणि मुख्य पदार्थ संपल्यावर आजी आणि बाळ गाडीने घरी जाऊ द्या. गोड आणि कॉफी तुम्ही दोघे सावकाश घ्या. अशी कुटुंबे मी कितीतरी पाहिली, आणि घाईघाईत उठणाऱ्या जोडप्यांपेक्षा ती नेहमी खुशीत दिसत. बाळ तीन-चार महिन्यांचे असते तर मी इतके लिहिलेच नसते, ते झोळीत झोपून राहिले असते. दीड वर्षाचे असते तर आजीशिवाय जाऊच नका, असे म्हटले असते.

वाढदिवस असल्याचे आरक्षणाच्या वेळी सांगाल, तेव्हा केक टाळ्या आणि गाण्याशिवाय आणायला सांगा. सहा-सात अनोळखी माणसे अचानक भोवती जमून टाळ्या पिटू लागली की शांत बसलेले बाळही दचकून रडते, आणि केकवरची फुलबाजी त्याच्या हाताच्या टप्प्यात असते. बिल गोडाबरोबरच मागवा. हॉटेलातील खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजारांच्या वर असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी सहसा १८ टक्के लागतो, स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. सेवाशुल्क मात्र कोणालाही सक्तीने घेता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते ग्राह्य धरले. तुम्ही ते नाकारलेत तरी चालेल, पण बेबी चेअरखालचा भात आणि गाजराचे तुकडे ज्याने गुडघे टेकून उचलले, त्या स्ट्युअर्डच्या हातात जाताना काहीतरी स्वतंत्रपणे ठेवा.